स्टॅम्पवर लिहून घेतलंय, तरी कोर्ट का मानत नाही? (कायदा मोडून केलेल्या करारांबद्दल)

काळा_डगला (धागाकर्ता)

तालुक्याच्या कोर्टात दिवाणी बाजूला काम करतो. पक्षकार येतात, फोल्डरमधून कागद काढतात आणि सांगतात, "साहेब, पाचशेच्या स्टॅम्पवर आहे, नोटरी आहे, साक्षीदार दोघंही गावातलेच." सह्या-अंगठे सगळं जागच्या जागी असतं. पण मुळातला व्यवहारच कायद्याने करायला मनाई असलेला, किंवा ठरावीक पद्धतीनेच करायला सांगितलेला. मग हा कागद कोर्टात उभा राहील का? "बेकायदा म्हणजे रद्दच" म्हणणारे आणि "सही केली म्हणजे विषय संपला" म्हणणारे गावोगाव भेटतात. दोघांच्याही सल्ल्याने लोकांची जमीन आणि पैसा गेलेला बघतो, म्हणून हा धागा.

भारतीय करार कायदा, १८७२, कलम २३. कराराचा हेतू किंवा मोबदला कायद्याने मना केलेला असेल, किंवा त्याला मान्यता दिल्याने एखाद्या कायद्याचा उद्देशच हाणून पाडला जात असेल, तर तो करार शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी झालाच नाही. वाचायला सरळ आहे. खरी मेहनत पुढे असते. कोणता कायदा मोडला तो उघडून बघावा लागतो, कारण मोडल्यावर काय होईल हे बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं. कुठे "असे हस्तांतरण शून्य असेल" असं स्पष्ट म्हटलेलं, कुठे नुसता दंड, कुठे "न्यायालय हुकूमनामा देणार नाही", कुठे "पुराव्यात घेता येणार नाही". चारही वेळा कायदा मोडलेलाच असतो, पण कागदाचं नशीब चार तऱ्हांचं.

नुसता दंड सांगितला म्हणजे करार वाचला असंही धरू नका. मन्नालाल खेतान विरुद्ध केदारनाथ खेतान (१९७७) या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की कायद्याने थेट किंवा अर्थाने मना केलेल्या कराराला कोणतंही न्यायालय हात देणार नाही, आणि दंडाची तरतूद हीच मनाईची खूण असू शकते. म्हणून मी नेहमी विचारतो की ही मनाई कुणासाठी घातली? सरकारच्या महसुलासाठी, सगळ्या समाजासाठी, की या करारातल्याच दुबळ्या बाजूसाठी? निम्मं उत्तर त्यातच मिळतं.

स्टॅम्पचा मुद्दा इथेच संपवतो. स्टॅम्प कमी असणं हा महसुलाचा प्रश्न आहे. तूट आणि दंड भरला की कागद पुराव्यात येतो. करारातल्या लवादाच्या कलमाबाबत २०२३ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने कडक भूमिका घेतली होती, ती त्याच वर्षी डिसेंबरात सात न्यायमूर्तींच्या पीठाने उलटवली: कमी स्टॅम्पचा कागद पुराव्यात घेता येत नाही, पण तो शून्य नसतो, दोष भरून काढता येतो. उलट बाजूही तितकीच खरी. मना केलेला व्यवहार कितीही महागड्या स्टॅम्पवर लिहिला तरी तो शुद्ध होत नाही.

आपापले प्रसंग लिहा. नावं-गावं नकोत.

रेणुका_कोथरूड

फार चांगला विषय. माझा प्रश्न भाड्याच्या फ्लॅटचा आहे. मालक म्हणाले अकरा महिन्यांचा करार आहे, रजिस्टर करायची गरज नाही. आता सोडताना डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापतायत आणि म्हणतात करार रजिस्टर नाही, म्हणजे तुमच्याकडे दाखवायला काहीच नाही. खरं आहे का?

काळा_डगला

रेणुकाताई, अगदी उलट आहे. अकरा महिन्यांची पळवाट नोंदणी कायद्यातून आलीये, तिथे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ लागू होतं. लिव्ह अँड लायसन्स असो की भाडेकरार, मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तुमच्या कामाची ओळ यापुढची आहे. नोंदणीकृत लेखी करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. म्हणजे विधिमंडळाने करार शून्य ठरवला नाही. ठरवला असता तर राहणाऱ्याच्याच डोक्यावरचं छप्पर गेलं असतं. त्याऐवजी पुराव्याचं ओझं चूक करणाऱ्यावर टाकलं. डिपॉझिट दिल्याची बँकेतली नोंद, घर ताब्यात घेतानाचे फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा. रंगकामाची अट ठरलीच नव्हती असं लेखी कळवा.

गिरगावचा_बंड्या

याच विषयात पागडीची (भाड्याची खोली देताना भाड्याशिवाय वरून घ्यायची एकरकमी रक्कम) आठवण काढायलाच हवी. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखाली पागडी घेणं हा गुन्हा होता, तरी आमच्या चाळींमधल्या अर्ध्या खोल्या पागडीवरच हातोहात फिरल्या. आजोबांच्या पिढीने आयुष्याची कमाई अशा व्यवहारात घातली ज्याची पावतीसुद्धा मिळत नव्हती. बिनसलं तर दाद कुठे मागायची? कोर्टात उभं राहून "मी पागडी दिली" म्हणणं म्हणजे स्वतःच गुन्ह्यात सामील असल्याचं सांगणं. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने ते देणं-घेणं कायदेशीर केलं. मधल्या पन्नास वर्षांत ज्यांचे पैसे बुडाले त्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही.

काळा_डगला

बंड्या, मोलाची भर. बेकायदा व्यवहार उघडपणे चालतो तेव्हा नुकसान बहुधा पैसे आधी देणाऱ्याचं होतं, हे पागडीने पिढ्यान्‌पिढ्या दाखवलं.

माणदेशी_मुलगी

मी एक-दोन गुंठ्यांच्या प्लॉटबद्दल विचारते. आमच्या भागात शहराला लागून शेतजमिनीचे तुकडे पाडून विकतात. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाने दोन गुंठ्यांचं साठेखत (पुढे खरेदीखत करून देण्याचा करार) केलं, नोटरीवर. जवळपास सगळी रक्कम दिली. एजंट म्हणाला "एनए (बिगरशेती) होणारच आहे, तोवर साठेखतावर राहा." आता मूळ मालकाचा मुलगा म्हणतो व्यवहारच बेकायदा आहे, जागा सोडा. यांनी पत्र्याची खोली बांधलीये, मुलं शाळेत जातात. कोर्टात जाऊन खरेदीखत करून घेता येईल का?

काळा_डगला

ताई, हे सविस्तर लिहावं लागेल, आणि काही भाग ऐकायला कडू आहे.

शेतजमिनीचे तुकडे पाडायला बंदी घालणारा कायदा १९४७ चा. जिरायत-बागायत जमिनीचं किमान क्षेत्र ठरलेलं आहे (२०२३ मध्ये ते राज्याच्या बहुतेक भागासाठी जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे केलं), त्याहून लहान तुकडा पडेल असं हस्तांतरण करायचं नाही. आणि या कायद्याचं कलम ९ थेट म्हणतं की असं हस्तांतरण शून्य. इथे अर्थ लावायला जागाच ठेवलेली नाही. मंजूर लेआउट नसताना, कायद्याने मना केलेलं खरेदीखत करून द्या असा हुकूम कोर्ट सहसा देणार नाही.

याच जातीचं एक प्रकरण कर्नाटकातून सुप्रीम कोर्टात गेलं होतं, नारायणम्मा विरुद्ध गोविंदप्पा (२०१९). कुळाला मिळालेली जमीन पंधरा वर्षं विकायची नाही अशी तिथल्या कायद्याची अट, आणि त्या मुदतीतच विक्रीचा करार झाला. घेणाऱ्याने पैसे दिले, ताबाही घेतला. तरी कोर्ट म्हणालं, दोघंही कायदा मोडण्यात सारखेच सामील, आणि दावा लावणाऱ्याला आपला हक्क सांगायला त्या बेकायदा कराराचाच आधार घ्यावा लागतो, म्हणून दावा फेटाळला. विकणारा जिंकला, पण तो प्रामाणिक होता म्हणून नव्हे. कोर्टाने कुणालाच मदत करायची नाही म्हटलं की जे जिथे आहे ते तिथेच राहतं.

मग पैसे? करार कायद्याचं कलम ६५ म्हणतं, करार शून्य असल्याचं नंतर कळलं तर घेतलेला लाभ परत करायचा. यात "नंतर कळलं" यावर सगळं अडतं. पहिल्या दिवसापासून माहीत असेल तर हे कलम मदतीला येत नाही. कुजू कोलियरीज (१९७४) खटल्यात खाणीच्या बेकायदा पट्ट्यासाठी दिलेले पैसे कोर्टाने परत देववले नाहीत. टूजी प्रकरणात मोबाइल कंपन्यांचे १२२ परवाने २०१२ मध्ये रद्द झाले, तेव्हा लूप टेलिकॉमने भरलेलं सुमारे १,४५५ कोटींचं प्रवेश शुल्क परत मागितलं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेही नाकारलं.

तुमच्या नातेवाइकांची बाजू मात्र त्या कंपन्यांसारखी नाही, आणि तेच मांडायचं. सीताराम विरुद्ध राधाबाई (१९६८) मध्ये कोर्टाने अपवाद सांगितले आहेत: बेकायदा हेतू अजून पार पडलेला नसेल, किंवा दोघांचा दोष सारखा नसेल, किंवा बेकायदेशीरपणाचा आधार न घेता दावा सांगता येत असेल, तर पैसे मागता येतात. एजंटाने "एनए होणारच" म्हणून फसवलं, त्याचं छापील ब्रोशर असेल, मेसेज असतील, तर दोष सारखा राहत नाही. मुदतीकडे लक्ष द्या, पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षं असतात. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेचे प्लॉट पाडून विकले असतील तर महारेराची (राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाची) नोंदणी लागत होती का तेही तपासा. रस्ते, लाइट, पाणी देण्याचं आश्वासन देऊन प्लॉट विकणारा ग्राहक कायद्याखाली सेवा देणारा ठरतो, हे नार्ने कन्स्ट्रक्शन (२०१२) निकालात आलेलं आहे.

आणि जागा सोडायची घाई करू नका. २०१७ च्या दुरुस्तीने १९६५ पासूनचे असे जुने व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्के भरून नियमित करायची सोय दिली, पुढे ते ५ टक्क्यांवर आणलं, आणि २०२५ च्या अध्यादेशाने ठरावीक शहरी आणि निवासी क्षेत्रांत तीही रक्कम काढली. तुमचा गट त्या क्षेत्रात येतो का आणि नुसत्या साठेखतावर काय होऊ शकतं, हे प्रांत कार्यालयात सातबारा आणि झोन दाखला घेऊन विचारा.

सह्याद्री_७७

थोडं कडक बोलतो. दर काही वर्षांनी नियमित करायचं, मग कायदा ठेवलाच कशाला? यात तुकडे पाडणारा एजंट नफा घेऊन मोकळा होतो आणि पुढच्या वेळी गिऱ्हाइकाला हेच सांगतो, "आज ना उद्या सरकार नियमित करतंच." आमच्या गावाच्या हद्दीत ओढा बुजवून प्लॉट पाडलेत. तिथे राहणाऱ्यांना रस्ता नाही, गटार नाही. नियम पाळून लेआउट मंजूर करून घेणारा मात्र वर्षानुवर्षं हेलपाटे मारतो.

माणदेशी_मुलगी

दादा, राग समजतो. पण मंजूर लेआउटमधला प्लॉट रोजंदारीवरच्या माणसाला परवडतो का? त्याने हौसेने कायदा मोडला नाही. त्याच्या ऐपतीचं घर कायद्यात बसत नव्हतं.

काळा_डगला

दोघांचंही पटतं. माझं मत विचाराल तर घेणाऱ्याचं घर नियमित व्हावं, आणि विकणाऱ्याच्या नफ्यातून रस्ता-गटाराचा खर्च वसूल व्हावा. आज हे दुसरं होत नाही. सगळा भार शेवटी राहणाऱ्यावर पडतो, आणि हे मला अजिबात मान्य नाही.

एक गोष्ट राहिली. परवानगी घेऊन होऊ शकणारा व्यवहार आणि मुळातच मना केलेला व्यवहार यांची गल्लत करू नका. वर्ग दोनची (परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन, कुळकायद्याने मिळालेली जमीन, बिनशेतकऱ्याला विक्री, अशा ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने विक्री होऊ शकते. परवानगी मिळेल या अटीवर केलेलं साठेखत एकदम मरत नाही. नथुलाल विरुद्ध फूलचंद (१९६९) मध्ये जिनिंग फॅक्टरी आणि तिच्या जमिनीचा सौदा होता. तिथे सुप्रीम कोर्टाने धरलं की परवानगीसाठी अर्ज करणं ही विकणाऱ्याचीच जबाबदारी, ती करारात गृहीत आहे. म्हणून साठेखतात "परवानगी मिळाल्यावर खरेदीखत" हे वाक्य आणि परवानगी कुणी, किती दिवसांत मागायची हे लिहायलाच हवं.

लंडनकर_शिरीष

इथलं एक सांगतो. इंग्लंडमध्ये पटेल विरुद्ध मिर्झा म्हणून खटला गाजला, २०१६ चा. एकाने दुसऱ्याला ६,२०,००० पौंड दिले, बँकेच्या शेअरवर आतली माहिती वापरून पैज लावायला. माहिती मिळालीच नाही, पैज लागली नाही, पण पैसेही परत मिळेनात. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी पैसे परत द्यायला लावले. दावा नाकारल्याने मनाईचा उद्देश साधतो का, इतर कोणत्या धोरणाला धक्का लागतो का, आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जास्त होते का, हे सगळं बहुमताने तोललं. आधीची रीत होती की बेकायदा गोष्टीचा आधार घ्यावा लागला की दावा संपला. वर नारायणम्मा खटल्याचं वाचून वाटलं, भारतात अजून तीच जुनी रीत चालते.

काळा_डगला

बऱ्याच अंशी हो. गुंठ्याच्या प्रकरणात शिक्षा अपराधाच्या मानाने किती मोठी होते हे तोललं गेलं तर गरिबाला न्याय मिळेल असं मला मनापासून वाटतं.

कोयत्याची_लेक

मी बीड जिल्ह्यात ऊसतोड कुटुंबांसोबत काम करते. आमच्याकडचा करार इथे यायलाच हवा. नवरा-बायको मिळून एक कोयता. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम उचल देतो आणि स्टॅम्पवर लिहून घेतो. त्यात ऊस, फड, कारखाना यांचा उल्लेखही नसतो, लिहितात "हातउसने घेतले". सोबत कोरा चेक. दसरा-दिवाळीला टोळी निघते ती पट्टा पडेपर्यंत (कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत) फडावर. खाडे कापले जातात, आजारपण कापलं जातं, बाळंतपणसुद्धा. हंगामाच्या शेवटी हिशोब होतो तेव्हा उचल फिटलेली नसते, बाकी पुढच्या वर्षावर. पुढच्या वर्षी नको म्हटलं की तो स्टॅम्प बाहेर निघतो. बायांना विचारलं तर म्हणतात, "सही केलीय ना, जावंच लागंल." ही सही त्यांना बांधते का?

काळा_डगला

बांधत नाही. हे शक्य तितक्या लोकांना सांगा.

वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा, १९७६. कलम ५ प्रमाणे, आगाऊ रकमेपोटी बांधून घेऊन काम करायला लावणारा कोणताही करार शून्य. कलम ६ प्रमाणे तसलं कर्ज फेडायची जबाबदारीच संपते, त्याच्या वसुलीचा दावा दिवाणी कोर्टात चालत नाही. आणि कलम १५ सगळ्यात मोलाचं: मजुराने हे कर्ज वेठबिगारीचं आहे असं म्हटलं की ते तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं पैसे देणाऱ्यावर. कागदावर "हातउसने" लिहिल्याने काही वाचत नाही, व्यवहार काय होता ते बघितलं जातं. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात (१९८२) सुप्रीम कोर्टाने किमान वेतनाहून कमी पैशात करावं लागणारं काम सक्तीचं काम म्हटलं, आणि बंधुआ मुक्ती मोर्चाच्या निकालात (१९८४) सक्तीचं काम दिसलं की त्यामागे उचल आहे असं गृहीत धरायला सांगितलं.

तक्रार तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे. हजेरीचं टिपण, टनाच्या पावत्या, कोणत्या कारखान्यावर कोणत्या गाडीवानाकडे होते ते लिहून ठेवा.

फडकरी_पाटोदा

माझे वडील मुकादम. मुकादमाचीही बाजू ऐका. पैसे वाहतूकदाराकडून अंगावर घेतलेले असतात. मजूर दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसऱ्याच कारखान्याला जातो. मग गाडीवाला आमच्या दारात बसतो. घर, शेत आमचं जातं.

कोयत्याची_लेक

भाऊ, अशी घरं मीही पाहिलीत. तुमच्या वडिलांकडूनही कुणीतरी स्टॅम्पच लिहून घेतलेला असतो ना? ज्याच्या गाळपासाठी हे सगळं चालतं त्या कारखान्याचं नाव मात्र एकाही कागदावर नसतं.

काळा_डगला

यात सगळं आलं. सुरुवातीपासूनच फसवायचा बेत असेल तर फसवणुकीची तक्रार हा वेगळा रस्ता आहे, पण म्हणून बांधून घेणारा कागद कायदेशीर होत नाही. कारखाना, वाहतूकदार, मुकादम आणि मजूर अशी साखळी नावानिशी लेखी यायला हवी, तरच मुकादमालाही वर बोट दाखवता येईल.

नदीकाठ

शेवटचा प्रश्न. आमच्या शेजाऱ्यांनी आजारपणात व्याजाने पैसे घेतले आणि तारण म्हणून एक एकराचं खरेदीखत करून दिलं. नोंदणीकृत आहे. पैसे फेडत आले, तरी तो माणूस जमीन परत फिरवून देत नाही. परवाना नाही त्याच्याकडे. खरेदीखत रजिस्टर असताना काही करता येईल का?

काळा_डगला

येईल. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४. कर्ज देताना परवाना नसेल तर कलम १३ प्रमाणे कोर्ट सावकाराला वसुलीचा हुकूमनामा देणार नाही. कलम १८ त्याहून पुढे जातं: सावकारीच्या ओघात, विक्री-गहाण कोणत्याही नावाने जमीन घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, चौकशी करून ते हस्तांतरण अवैध ठरवू शकतात आणि ताबा परत देऊ शकतात. अर्जाच्या मागे पंधरा वर्षांपर्यंतचे व्यवहार यात येतात. खरेदीखत नावापुरतं होतं हे तोंडी पुराव्याने दाखवता येतं, गंगाबाई विरुद्ध छबूबाई (१९८२) हा त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल.

समोरचा म्हणेल मी सावकार नाही, एकदाच मदत केली. नात्यात-ओळखीत एकदाच दिलेले पैसे खरंच सावकारी ठरत नाहीत, म्हणून त्याचा हा धंदा आहे हे दाखवावं लागेल. त्याने गावात आणखी कुणाच्या जमिनी अशाच नावावर केल्या ते दुय्यम निबंधकांच्या सूची दोनमधून (नोंदवलेल्या दस्तांच्या यादीतून) काढा. अर्जासोबत खरेदीखत, त्याआधीचा आणि नंतरचा सातबारा, व्याज दिल्याच्या बँकेतल्या नोंदी, त्या काळातल्या दवाखान्याच्या पावत्या आणि पीक कुणी घेतलं याची पीकपाहणी लावा. बाजारभाव आणि खरेदीखतातली किंमत यात मोठी तफावत असेल तर शीघ्रसिद्धगणकाचं (सरकारी दरपत्रकाचं) पानही जोडा. जमीन अजून शेजाऱ्यांच्याच वहिवाटीत असेल तर आधी ते कळवा, मग मनाई हुकमाचा अर्ज लगेच करता येईल.